कुंडी बदलताना

सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही नर्सरीत जाऊन विचारा, ‘दादा, कुंडी कधी बदलायची?’ उत्तर ठरलेलं आहे : ‘वर्षातून एकदा.’ त्यापुढचं वाक्यही ठरलेलं आहे : ‘ही बारा इंची घेऊन जा, परत तीन वर्षं बघायला नको.’ ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, पण विकणाऱ्याला त्याचं काही नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. घेणाऱ्याला तारीख हवी असते. तारीख मिळाली की फोनमध्ये रिमाइंडर लावायचा आणि विषय डोक्यातून काढून टाकायचा. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हा मोह मला चांगला कळतो.

झाडाला मात्र वर्ष कळत नाही. एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून आणलेली माझ्याकडची दोन रोपं आहेत. त्यातला मनीप्लांट चार वर्षं सहा इंची कुंडीत मजेत आहे आणि पीस लिलीने आठ महिन्यांत तेवढीच कुंडी मुळांनी गच्च भरून टाकली. रिमाइंडर कोणाच्या नावाने लावणार?

‘कुंडी बदलणं’ हा शब्दच मुळात फसवा आहे. त्यात तीन वेगवेगळी कामं लपलेली असतात. एक, झाड मोठ्या कुंडीत हलवणं. दोन, झाड बाहेर काढून, मुळं थोडी छाटून, नवी माती घालून परत त्याच कुंडीत लावणं. तीन, एका झाडाची दोन-तीन झाडं करणं. तिन्हींमध्ये नक्की बदलते ती माती. कुंडी बदलेल किंवा बदलणार नाही. मी वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि बाल्कनी चार फुटांची आहे. त्यामुळे मला एकट्याला उचलता येणार नाही अशी कुंडी घ्यायचीच नाही, हा माझा पहिला नियम. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काम आलंच पाहिजे. नर्सरीवाले ते सहसा सांगत नाहीत, कारण त्यात नवी कुंडी विकली जात नाही.

वेळ झाली आहे हे कळतं कसं? तळाच्या भोकातून मुळं बाहेर येतात, ही खूण सगळ्यांना माहीत असते, पण कधीकधी एखादं उनाड मूळ उगाचच बाहेर डोकावतं आणि आत भरपूर जागा असते. माझा जास्त भरवसा पाण्यावर. पूर्वी चार दिवस पुरणारं पाणी आता दीड दिवसात संपत असेल, वरून ओतलेलं पाणी दहा सेकंदांत खालच्या ताटलीत येत असेल, तर आत पाणी धरून ठेवायला माती फारशी उरलेली नाही, मुळंच मुळं आहेत. याच्या उलटही होतं. कोकोपीट आणि खत दोन-तीन वर्षांत कुजून बारीक होतं, खाली बसतं, मातीतल्या हवेच्या जागा बुजतात आणि पाणी वर डबक्यासारखं साचून राहतं. दोन्हींचं औषध एकच. प्लास्टिकची कुंडी दाबून बघितली की ती दबते का, तेही कळतं. दबत नसेल तर आतून मुळं रेटत आहेत. माझ्या जुन्या रूममेटच्या स्नेक प्लांटने तर कुंडीला वरपासून खालपर्यंत चीर पाडली होती. तो बिचारा आठवडाभर घरमालकाला संशयाने बघत होता.

पण या सगळ्या बाहेरच्या खुणा. खरं उत्तर एकाच पद्धतीने मिळतं : झाड उपसून बघायचं. लोक याला विनाकारण घाबरतात. आदल्या दिवशी पाणी घालायचं, म्हणजे मातीचा गोळा एकसंध राहतो. खोड दोन बोटांच्या मध्ये धरून तळवा मातीवर टेकवायचा, कुंडी उलटी करायची आणि तिच्या काठाला ओट्याच्या कडेवर हलका ठोसा द्यायचा. सगळा गोळा हातात येतो. माती जास्त दिसत असेल तर तसाच परत बसवायचा, झाडाला पत्ताही लागत नाही. मुळं जास्त दिसत असतील, त्यांनी कुंडीच्या आकाराला धरून गोल गोल वेटोळी केली असतील, तर वेळ झाली. पांढरी, पिवळसर, टणक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत, हात लावल्यावर साल सुटून येणारी मुळं कुजलेली, आणि त्यांचा वास नाकाला लगेच सांगतो. पान पिवळं पडलं की आपण पानाकडे बघत बसतो. पान पाणी जास्त झाल्यामुळे पिवळं पडतं, कमी झाल्यामुळे पडतं, उन्हाने पडतं, म्हातारं झालं म्हणूनही पडतं. आणि मुळांना त्रास सुरू झाल्यावर पानापर्यंत बातमी यायला कित्येक आठवडे जातात.

हे सगळं मला मागच्या नोव्हेंबरपर्यंत घरातल्या शोभेच्या झाडांपुरतं माहीत होतं. नोव्हेंबरमध्ये आई बार्शीहून माझ्याकडे राहायला आली आणि येताना मोगरा घेऊन आली.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई एकटी किती दिवस राहणार, असं ताई, मामा, मी, सगळे म्हणत होतो. आई सोडून सगळे. दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, ‘बघू चार महिने.’ घर विकायचं की भाड्याने द्यायचं, यावर कोणी काही बोललं नाही. तिने फक्त एवढं सांगितलं की लाइटबिल वेळेवर भरत जा, मीटर काढून नेतील.

मोगरा बाबांनी लावलेला, मी बारावीत होतो त्या वर्षी. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून, हिरवा ऑइलपेंट मारून. तो मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ होता आणि उन्हाळ्यात ओंजळ ओंजळ फुलायचा. टेम्पोत चढवायला दोघं जण डबा उचलायला गेले तर तो जागचा हलेना. एकाने खालून पहार घातली, जोर दिला, आणि फाटल्यासारखा आवाज झाला. डब्याचा तळ कधीच गंजून गेला होता. तिथून बोटभर जाड मुळं खाली अंगणात उतरली होती. ती तुटली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की मोगरा डब्यात आहे. तो खरं म्हणजे अंगणातच होता, डबा फक्त कमरेला होता. आई काही बोलली नाही. आत जाऊन जुनी चादर आणली, डबा खालून बांधला आणि एका घमेल्यात ठेवायला लावला.

कुंडी थेट जमिनीवर ठेवली की असं होतं. सोसायट्यांच्या बागांत, बंगल्यांच्या कडेला अशा कुंड्या खूप दिसतात. झाड बेसुमार वाढतं, मालक खूश असतो, कारण कुंडी लहान असूनही झाड मोठं होतंय. ते कुंडीवर जगतच नसतं. म्हणून कुंडीखाली दोन विटा किंवा ताटली असावी, आणि तरीही वर्षातून दोनदा ती जागच्या जागी फिरवावी. फिरली तर ठीक.

वाकडला आल्यावर आठ दिवसांत मोगऱ्याने पानं टाकली. टाकणारच. वरती पानांचा संसार तेवढाच आणि खालची पाणी आणणारी मुळं निम्मीही नाहीत. लोक अशा वेळी तीन गोष्टी हमखास करतात : उन्हात ठेवतात, खत घालतात आणि पाणी वाढवतात. तिन्ही चूक. उन्हात पानातून पाणी अजून उडतं. खताचे क्षार जखमी मुळांना सोसत नाहीत. आणि न शोषलेलं पाणी मातीत साचून राहिलं की उरलीसुरली मुळंही कुजतात. डबा सावलीत ठेवायचा, माती नुसती ओलसर ठेवायची आणि गप्प बसायचं. शेवटचं सगळ्यात अवघड. आईने डिसेंबरात स्वतःच मोगरा वीतभर ठेवून छाटला. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं, त्यामुळे थंडीत छाटणी तशीही करतात, पण या वेळी मुळांवरचा भार कमी होणं जास्त महत्त्वाचं होतं. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ती नखाने खोडाची साल जराशी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की उठायची.

आईला झाडाची उपमा देण्याचा मोह मला होतो, नाही असं नाही. तिला हे वाचून दाखवलं तर पायातली चप्पल काढेल. माणूस हलतो तेव्हा त्याचं काय तुटतं ते साल खरवडून दिसत नाही. ती सकाळी फोनवर बार्शीच्या शेजारच्या काकूंशी अर्धा तास बोलायची, संध्याकाळी खाली बाकावर बसायची, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसांची नावं विचारायची आणि ती मला सांगायची. एवढंच मला दिसत होतं.

मोगऱ्याचा डबा बदलावा लागणार हे उघड होतं, पण लगेच नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि बहुतेक झाडं मंदावतात. मंदावलेल्या झाडाची मुळं दुखावली तर ती भरून यायला वेळ लागतो. आईचा हिशोब रथसप्तमीचा होता : ऊन चढायला लागतं, फुटवा सुटायच्या बेतात असतो. माझा हिशोब हवामानाच्या ॲपवरच्या रात्रीच्या तापमानाचा होता. दोन्ही हिशोब एकाच पंधरवड्यात येऊन थांबले.

दरम्यान मातीचा प्रश्न होता. डब्यात बार्शीची काळी माती होती. दख्खनच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, त्या खाली फूट-फूट जातात आणि ज्वारी त्याच ओलीवर पिकते. कुंडीत तीच माती आकसली की कडेपासून सुटते. मग आपण घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, ताटली भरते, आपल्याला वाटतं पोट भरलं. मधला गोळा दगडासारखा कोरडाच. अशा वेळी वरून कितीही पाणी घाला, उपयोग नाही. अख्खी कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

नर्सरीतून आणलेल्या रोपांचाही असाच एक घोळ असतो. पुण्याच्या नर्सऱ्यांत, उरुळी कांचनच्या मोठ्या नर्सऱ्यांतसुद्धा, येणारी बरीच रोपं आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. काळ्या पिशवीत, मुळांभोवती घट्ट चिकणमातीची हुंडी. एवढ्या प्रवासात हुंडी फुटू नये आणि ओल टिकावी म्हणून ती माती बरोबरच आहे. पण आपण पिशवी फाडून ती हुंडी जशीच्या तशी भुसभुशीत कोकोपीटमध्ये बसवतो. बाहेरची माती लवकर सुकते, आतली चिखल होऊन राहते किंवा उलट आतली कडक सुकते आणि पाणी बाजूने निघून जातं. मुळं हुंडीच्या बाहेर यायला तयार होत नाहीत. घरातल्या शोभेच्या झाडांची ही हुंडी पाण्यात भिजवून, बोटांनी हळूहळू मोकळी करावी. गुलाबासारख्या नाजूक मुळांच्या झाडाला हे करू नये. त्याची हुंडी न फोडता लावावी.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं. बाग चालवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे, तिचं हे दरवर्षीचं प्रदर्शन. आईला घेऊन गेलो. ती फुलं बघत नव्हती. बक्षीस लागलेल्या कुंड्यांत कोणी बघत नाहीसं बघून बोट खुपसत होती. मी दुसरीकडे बघत होतो. मग ती बोन्सायपाशी थांबली ती थांबलीच. बशीएवढ्या उथळ कुंडीत वड, पारंब्यांसकट. तिथल्या बाईंनी सांगितलं की दर दोन-तीन वर्षांनी हे बाहेर काढतात, मुळांचा तिसरा हिस्सा कापून टाकतात आणि नव्या मातीत त्याच कुंडीत परत बसवतात. कापलेल्या टोकांमागून नवी बारीक मुळं फुटतात आणि पाणी-अन्न तीच बारीक मुळं घेतात. जाड मुळं मुख्यतः झाड धरून ठेवायला आणि साठवणीला. आईने विचारलं, ‘एवढी कापूनही जगतं?’ बाई म्हणाल्या, ‘कापतात म्हणूनच एवढ्याशा कुंडीत जगतं.’ परतीच्या रिक्षात आई म्हणाली, ‘पुढच्या रविवारी काढू डबा.’

शनिवारी कुंभार वेशीत गेलो. मातीची कुंडी घ्यायची हे दोघांनाही मान्य होतं. ती बाजूंनीही पाणी सोडते, आतली माती लवकर श्वास घ्यायला मोकळी होते, आणि बोटाच्या पेराने वाजवली तर बोलते : आत ओल असेल तर बद्द, सुकली असेल तर खणखणीत. आईने माठ घेताना करतात तशी एकेक वाजवून बघितली, आणि मग एक भलीमोठी, सोळा इंची पसंत केली. आमचा वाद तिथे झाला.

मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड, यात तथ्य नाही असं नाही. जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्रातल्या हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ६५ जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त होते, असं त्यातून निघालं. त्यांनी सातू आणि बीटच्या रोपांच्या कुंड्या दवाखान्यात माणसांना घालतात तशा एमआरआय यंत्रात घालून मुळांची चित्रंही घेतली. मुळं कुंडीच्या भिंतीकडेच धाव घेतात, असं त्यांत दिसलं. म्हणजे कुंडीची भिंत झाडाला कळते.

पण हे धडधाकट, वाढत्या रोपांचं. आमच्या मोगऱ्याची मुळं निम्मी होती. मोठ्या कुंडीत मोठी माती, ती सगळी पाणी धरणार आणि पिणारं कोणी नाही. मुळं नसलेली ओली माती आठवडाभर सुकत नाही आणि त्यात कुज सुरू होते. म्हणून मुळांच्या गोळ्यापेक्षा कुंडी इंच-दोन इंचच मोठी असावी. मुळं छाटली असतील तर तेवढीही नको. आई म्हणाली, मग तळाला विटांचे तुकडे भरू, पाणी खाली जाईल. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि मला तो मोडून काढण्यात, खरं सांगायचं तर, मजा येते.

घरी येऊन मी भांडी घासायचा नवा स्पंज भिजवला आणि आडवा धरला. थोडं पाणी गळलं आणि थांबलं. मग तोच स्पंज उभा धरला. परत पाणी गळायला लागलं. स्पंज तोच, त्यातलं पाणी तेच. फक्त उंची वाढली. मातीचंही असंच आहे. पाणी निथळून थांबलं तरी तळाशी चिंब ओल्या मातीचा एक थर राहतो. त्याची जाडी मातीच्या बारीक-जाडपणावर ठरते, कुंडी कितीही उंच असो. तळाला विटांचे तुकडे भरले की तो थर नाहीसा होत नाही, तुकड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. उपाय तळाला नसतो, सगळ्या मातीत असतो : माती भरड करायची. वाळूचे जाड खडे, भाताची तुसं, विटेचा चुरा हे सगळीकडे मिसळायचं.

आई म्हणाली, ‘एवढं सांगायला नवीन स्पंज कशाला? जुना नव्हता का?’ पण दहा इंची कुंडी मान्य झाली.

रविवारी पत्रा कापायच्या कात्रीने डबा उभा चिरला. वरच्या भागात कडेने मुळांची चटई, मधे बार्शीच्या मातीचा कोरडा ठणठणीत गोळा. खालचा भाग काळा पडलेला. नोव्हेंबरात तुटलेल्या जाड मुळांची टोकं कुजून तिथपर्यंत आली होती. ती स्वच्छ पांढरं लाकूड दिसेपर्यंत धारदार कात्रीने कापली. कात्री मधेमधे स्पिरिटने पुसत होतो, म्हणजे कुज एका मुळावरून दुसऱ्यावर जाऊ नये. चटईला बाजूंनी चार उभे काप दिले, म्हणजे मुळं गोल फिरत राहणार नाहीत. मधला गोळा बादलीत भिजवून सोडवायला तास लागला. सगळ्यात खाली मुळांच्या गुंत्यात कौलाचे तीन तुकडे निघाले. बाबांनी भोकांवर ठेवलेले. जुन्या घराची कौलं काढून पत्रे टाकले तेव्हाची ती कौलं असणार.

आईने एक तुकडा धुतला आणि नव्या कुंडीच्या भोकावर, पालथा, ठेवला. माझ्याकडे बघितलं. विटांचा थर भरणं वेगळं आणि माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवणं वेगळं. त्याला माझ्या शास्त्रात काही हरकत नव्हती, आणि असती तरी मी काही बोललो नसतो.

माती अशी केली : दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि विटेचा चुरा. त्यात मूठभर निंबोळी पेंड. आणि आईच्या आग्रहाने एक भाग बार्शीची माती, चाळून. भरड मातीत थोडी काळी माती वाईट नाही. ती पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवते. माती मुळांच्या मधे जावी म्हणून काडीने टोचत भरली, हाताने ठोकून दाबली नाही. कुंडीच्या काठापासून इंचभर रिकामी ठेवली, नाहीतर पाणी घालताना ते वरूनच सांडतं. खोड पूर्वी होतं त्याच पातळीला ठेवलं. एकदा पोटभर पाणी, आणि मग बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात.

तीन आठवडे काही झालं नाही. या तीन आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं खरंच काही नाही. आई साल खरवडायची थांबली होती, कारण खरवडायला नवीन जागा उरली नव्हती. होळीच्या सुमारास एका गाठीवर मोहरीएवढं हिरवं दिसलं. पाडव्यापर्यंत सात-आठ फुटवे. तेव्हा कुठे कुंडी हळूहळू उन्हाला लावली, आधी सकाळचा एक तास, मग दोन. एप्रिलच्या मध्यावर अकरा फुलं आली. बार्शीत तेवढी एका फांदीला यायची. आईने ती देवाला वाहिली नाहीत, बाबांच्या फोटोपुढेही ठेवली नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकली. दिवसभर जो पाणी प्यायला, त्याला वास आला.

घरातल्या बाकीच्या झाडांची वेळ वेगळी आहे. ती आता येते आहे. मनीप्लांट, पीस लिली, सिंगोनियम ही मंडळी मूळची दमट मुलखातली. मनीप्लांट तर पॅसिफिकमधल्या मोओरिया बेटाचा. पुण्याचा एप्रिल-मे त्यांना नको असतो; हवा इतकी कोरडी की मुळं थोडी तुटली तरी पानं माना टाकतात. मृग लागला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा बदलली की पानांतून पाणी उडणं कमी होतं, ऊन बोथट होतं आणि अर्ध्या मुळांवरही झाड तग धरतं. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये माती सुकता सुकत नाही, तेव्हा बदललेल्या कुंडीत बोट घातल्याशिवाय पाणी घालायचं नाही. स्नेक प्लांट आणि झीझी यांना दाटीवाटी आवडते. कुंडी फुटायला आल्याशिवाय त्यांना हात लावायची गरज नसते. हात लावलाच तर त्यांचे गड्डे सुरीने वेगळे करून एक दिवस सुकू द्यावेत आणि मग लावावेत.

आमच्या भागात अजून एक कारण आहे. पवना धरणाचं पाणी मऊ, पण उन्हाळ्यात आमची सोसायटी टँकरवर असते आणि ते बोअरचं जड पाणी असतं. मातीच्या कुंड्यांवर बाहेरून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ना, ते क्षार. तेच आत मातीतही साचतात आणि पानांची टोकं करपतात. कुंडी पुरेशी मोठी असली तरी दोन उन्हाळ्यांनंतर अशी माती बदलणं बरं.

या जूनसाठी सात कुंड्या काढून ठेवल्या आहेत. कोकोपीटची वीट आणून दोनदा धुऊन झाली, तिच्यातही मीठ असतं. लाल माती बाल्कनीत पोत्यात आहे. पीस लिलीची तीन झाडं होतील. त्यातलं एक लिफ्टमध्ये भेटणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना द्यायचं आईने परस्पर कबूल केलं आहे.

आई सध्या बार्शीला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या नातवाच्या मुंजीला म्हणून स्वारगेटहून एसटीने गेली, दहा दिवसांसाठी. आता चौथा आठवडा आहे. घर झाडून काढलंय, पंख्याचा कंडेन्सर बदलून घेतलाय, मागच्या अंगणात डबा होता तिथे खड्डा तसाच आहे म्हणाली, त्यात काही लावलेलं नाही. रोज रात्री फोन करते. पाऊस कुठवर आला विचारते, सात कुंड्यांपैकी कोणती आधी काढायची ते सांगते. मोगऱ्यावर अजून चार कळ्या आहेत, फुलं संपली की हलकी छाटणी करायला हवी, ती ती आल्यावर स्वतः करणार आहे. तोपर्यंत मी त्याला हात लावायचा नाही. परतीचं तिकीट तिने अजून काढलेलं नाही.